आयर्लंडमधले पूर्वज शोधताना: आधी गाव, मग चर्च, शेवटी कबरस्थान

आयर्लंडमध्ये कुळ शोधायला बसलेल्या माणसाला एक तारीख लवकरच पाठ होते: ३० जून १९२२. यादवी युद्धाच्या धुमश्चक्रीत त्या दिवशी डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स इमारतीतलं सरकारी अभिलेखागार जळून गेलं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद, मृत्युपत्रं आणि प्रोटेस्टंट पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, शेकडो नोंदवह्या त्यात राख झाल्या. १८६१ आणि १८७१ च्या जनगणना तर सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या, आणि १८८१, १८९१ च्या पहिल्या महायुद्धात रद्दी म्हणून लगद्याला गेल्या. एकोणिसाव्या शतकाअखेरपर्यंतच्या जनगणनांचं हे असं झालं. १९०१ आणि १९११ च्या मात्र पूर्ण हाती येतात. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर त्या फुकट पाहता येतात.

‘आयर्लंडचं सगळं जळालं, आता काही मिळत नाही’ असं मात्र कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. कॅथलिक चर्चच्या वह्या त्या इमारतीत नव्हत्याच. त्या गावोगावच्या धर्मगुरूंच्या कपाटात होत्या, म्हणून वाचल्या. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू होण्याआधीचा, म्हणजे १८६४ च्या आधीचा, साधा शेतकरी, मजूर, मोलकरीण आज सापडते ती मुख्यतः या वह्यांत. तिथून पुढे कधी कधी कबरस्थानातल्या दगडावर.

मराठी वाचकांपैकी कोणाला याची गरज पडते? माझ्या पाहण्यात दोन तऱ्हेची माणसं येतात. आयर्लंडमध्ये स्थायिक होऊन तिथल्याच घरात सोयरीक झालेली, आता मुलांसाठी दोन्हीकडची वंशावळ लिहिणारी. आणि पुणे, खडकी, देवळाली, कुलाबा अशा लष्करी वस्त्यांतून आलेली अँग्लो-इंडियन कुटुंबं, ज्यांच्याकडे ‘खापरपणजोबा आयरिश सोल्जर होते’ एवढं एकच वाक्य शिल्लक असतं. शोधाची पद्धत दोघांना सारखीच.

नाव नव्हे, गाव

त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या दारात गेलात की ते आधी आडनाव आणि मूळ गाव विचारतात. गाव कळलं की नेमकी वही बाहेर येते. आयर्लंडचंही तंतोतंत तसंच आहे. कॉर्कमध्ये मर्फी, केरीत सलिव्हन, टिपेररीत रायन यांना तोटा नाही. ‘पॅट्रिक मर्फी, कॉर्क’ एवढ्यावर शोध सुरू केलात तर शेकडो पॅट्रिक मर्फी मिळतील आणि त्यातला कोणताही तुमचा असू शकेल.

म्हणून आयरिश संकेतस्थळं उघडण्याआधी, पूर्वज जिथे जाऊन स्थायिक झाला तिथले कागद संपवा. अमेरिकेत गेलेल्यांच्या थडग्यावर अनेकदा ‘अमुक पॅरिश, अमुक काउंटीचा (जिल्ह्याचा) रहिवासी’ असं कोरलेलं असतं. बोस्टनच्या ‘पायलट’ या वृत्तपत्रात १८३१ ते १९२१ या काळात हरवलेल्या नातलगांच्या शोधाच्या जाहिराती येत, त्यांतही गावाची नावं सापडतात.

भारतात आलेल्या शिपायाचं काम त्याहून सोपं होऊ शकतं. ब्रिटिश लष्करात भरती होताना जो कागद भरला जाई त्यात जन्माचा पॅरिश, जवळचं शहर आणि काउंटी अशा तिन्ही जागा ठरलेल्या असत. असा कागद वाचला असेल तर निम्मं काम तिथेच होतं. कागद शोधताना पलटणींची बदललेली नावं लक्षात ठेवा. ईस्ट इंडिया कंपनीची बॉम्बे युरोपियन फ्युझिलिअर्स ही पलटण पुढे राणीच्या लष्करात १०३ वी झाली आणि १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन. बंगालच्या दोन युरोपियन पलटणींची अशीच रॉयल मन्स्टर फ्युझिलिअर्स झाली.

शिपायाचं इथलं लग्न, मुलांचे बाप्तिस्मे आणि दफन मुंबई इलाख्याच्या चर्च-नोंदींत शोधायचं. चर्चकडून दरवर्षी लंडनला पाठवलेल्या त्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत ‘एन-३’ या क्रमांकाखाली आहेत आणि ‘फाइंडमायपास्ट’ या संकेतस्थळावर पैसे भरून दिसतात. ब्रिटिश काळात भारतात राहिलेल्या कुटुंबांच्या नोंदी जमवणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेची सूची फुकट आहे. सुरुवात तिथून करा.

टाउनलँड, आणि दोन प्रकारचे पॅरिश

आयर्लंडमध्ये पत्त्याचा सगळ्यात लहान तुकडा म्हणजे टाउनलँड. नावात टाउन असलं तरी शहराशी संबंध नाही. आपल्याकडे वाडी किंवा पाडा म्हणू तेवढा, कधी दोन-चार घरांचा, कधी नुसता डोंगरउतार. देशभरात असे साठ हजारांहून जास्त आहेत. त्यांच्या वर सिव्हिल पॅरिश, बॅरनी, काउंटी अशी चढण.

नवखा माणूस अडखळतो तो पॅरिशवर. सिव्हिल पॅरिश ही जमीन आणि करासाठी वापरलेली जुनी विभागणी. कॅथलिक पॅरिश, म्हणजे वसईकडे ज्याला धर्मग्राम म्हणतात, ती वेगळी. तिची हद्द वेगळी आणि बऱ्याचदा नावही वेगळं. एका कॅथलिक पॅरिशमध्ये दोन-तीन सिव्हिल पॅरिश सामावलेले असतात. जमिनीच्या कागदावर एक पॅरिश आणि बाप्तिस्म्याला दुसरा दिसला, तर घराणं हललं असं लगेच समजू नका.

टाउनलँडचं नाव नीट लावण्यासाठी ‘लॉगेनिम’ हा सरकारी स्थलनामकोश वापरा. इंग्रज कारकुनांनी कानाला ऐकू येईल तसं लिहिलेलं असल्यामुळे एकाच जागेची चार-पाच स्पेलिंगं असतात आणि ती सगळी तिथे दिसतात. मग ‘ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन’ पाहा. १८४७ ते १८६४ दरम्यान झालेली ही जमीन-घरांची करपाहणी ‘आस्क अबाउट आयर्लंड’वर नकाशांसकट फुकट आहे. कोणत्या टाउनलँडमध्ये कोण कसत होता आणि मालक कोण, हे त्यात मिळतं. नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं असतं. त्याआधीची पिढी हवी असेल तर १८२३ ते १८३७ या काळातल्या टाइद, म्हणजे चर्चसाठी घ्यायच्या कराच्या वह्या आहेत. जनगणना गेल्यावर हीच त्यातल्या त्यात बरी सोय.

१८६४ चा पूल

१ जानेवारी १८६४ पासून आयर्लंडमध्ये सगळ्यांचे जन्म, मृत्यू आणि विवाह सरकारदरबारी नोंदले जाऊ लागले. कॅथलिक सोडून इतरांची लग्नं १ एप्रिल १८४५ पासूनच नोंदली जात होती. या नोंदींची मूळ पानं ‘आयरिश जीनिऑलॉजी’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात: जन्म शंभर वर्षांपूर्वीचे, विवाह पंच्याहत्तर आणि मृत्यू पन्नास वर्षांपूर्वीचे. उत्तर आयर्लंडच्या नोंदींसाठी बेलफास्टचं वेगळं कार्यालय आहे, तिथे पैसे पडतात.

पूर्वज १८६४ च्या आधी देश सोडून गेला असला तरी त्याचे आईबाप किंवा मागे राहिलेली भावंडं त्यानंतर वारली असतील. त्यांच्या मृत्यूच्या नोंदीत टाउनलँड मिळतो. दफन कुठे झालं ते मात्र लिहिलेलं नसतं.

चर्चच्या वह्या

इथे वेळ द्या. घाई करणारे लोक सूचीतलं नाव टिपून पुढे जातात, आणि खरा ऐवज पानावरच राहतो.

कॅथलिक वह्यांची छायाचित्रं आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुलै २०१५ मध्ये फुकट खुली केली. पावणेचार लाखांच्या आसपास पानं आहेत, बहुतेक १८८० च्या सुमारापर्यंतची. नकाशावर पॅरिश निवडायचा आणि पानं उलटत जायचं. नाव टाइप करून शोधायची सोय नाही. नावांच्या सूच्या ‘फाइंडमायपास्ट’ आणि ‘अ‍ॅन्सेस्ट्री’वर आहेत. डब्लिन शहर, केरी आणि कॉर्कच्या बऱ्याचशा चर्च-नोंदी ‘आयरिश जीनिऑलॉजी’वर नावाने शोधता येतात. बाकी काउंटींसाठी ‘रूट्‌स आयर्लंड’, पण ते पैसे घेतं. माझं मत असं की पॅरिश नक्की होईपर्यंत पैसे भरू नयेत, आणि भरायचेच तर एका महिन्याचे भरून तेवढ्यात काम उरकावं.

वही किती मागे जाईल हे पॅरिशवर अवलंबून. शहरांत आणि पूर्वेकडच्या सधन भागांत ती अठराव्या शतकात जाते; पश्चिमेच्या गरीब पॅरिशांत १८३० किंवा १८५० च्या आधीचं पान मिळत नाही. कॅथलिकांवर निर्बंध लादणाऱ्या कायद्यांच्या काळात वह्या ठेवायची सोयच नव्हती, आणि नंतर गरिबी होती.

बऱ्याच वह्या लॅटिनमध्ये आहेत. घाबरू नका, दहा-बारा शब्दांत भागतं. नमुन्यादाखल एक नोंद अशी दिसेल: ‘बाप्तिझावी जाकोबुम, फिलियम लेगितिमुम पात्रिकी सलिव्हन एत होनोरे मर्फी’. म्हणजे पॅट्रिक सलिव्हन आणि होनोरा मर्फी यांचा औरस मुलगा जेम्स, याला मी बाप्तिस्मा दिला. जाकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, योहानेस म्हणजे जॉन, ब्रिजिडा म्हणजे ब्रिजेट. होनोराची घरात नोरा किंवा हॅनोरा होते. आईचं माहेरचं आडनाव जवळजवळ नेहमी दिलेलं असतं, ही या वह्यांची मोठी देणगी. आडनावाच्या आधीचं ‘ओ’ किंवा ‘मॅक’ मात्र त्या काळात सर्रास गळालेलं असतं. ओसलिव्हन शोधताना सलिव्हन आधी पाहा.

त्याच ओळीत पुढे धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावं येतात. ती सोडू नका. बहुतेक वेळा ते बाळाचे काका, आत्या, मामा, मावशी असतात. एकाच जोडप्याच्या सगळ्या मुलांच्या नोंदी काढून फक्त ही नावं एका कागदावर मांडली, तर आईबापांची भावंडं उभी राहतात. मुलांची नावं ठेवायची रूढीही मदतीला येते: पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी बापाच्या आईच्या. सगळीकडे पाळलीच जाई असं नाही, पण आजोबांचं नाव काय असावं याचा अंदाज बांधायला पुरते.

लग्न शोधायचं ते मुलीच्या पॅरिशमध्ये, आणि पहिल्या बाळाचा बाप्तिस्माही अनेकदा तिथेच. लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ, सुरू झाला की लग्नं बंद, म्हणून फेब्रुवारी आणि मार्चच्या सुरुवातीची पानं लग्नांनी गच्च भरलेली असतात. आपल्याकडे चातुर्मासाआधी कार्यालयं मिळत नाहीत तोच प्रकार. विवाहाच्या ओळीत ‘कन्सांग्विनिटी’ आणि ‘तिसरा’ किंवा ‘चौथा’ असा अंक दिसला तर थांबा. नवराबायको नात्यातले होते आणि त्यासाठी चर्चची खास परवानगी घेतली, असा त्याचा अर्थ. तिसरा म्हणजे दोघांचे पणजोबा-पणजी एकच.

आणखी एक जागा म्हणजे समास. १९०८ पासून कॅथलिक माणसाचं लग्न जगात कुठेही झालं तरी ते त्याच्या बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवायचं, असा नियम आला. मग तिथला धर्मगुरू बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारी बारीक अक्षरात लिही: अमुक साली, न्यूयॉर्कला, अमकीशी विवाह. समासातली अशी एक ओळ परदेशी गेलेला माणूस आणि गावातलं बाळ एकच असल्याचा पुरावा ठरते.

बाप्तिस्म्याची तारीख सरकारी जन्मतारखेच्या आधीची निघाली तर गोंधळू नका. बाळाला काही दिवसांतच चर्चमध्ये नेत, पण निबंधकाकडे जायला उशीर होई. उशिराचा दंड चुकवायला बाप सरळ पुढची तारीख सांगे. अशा वेळी चर्चची तारीख खरी धरावी.

कॅथलिक वह्यांत दफनाच्या नोंदी फार कमी. इथे एक आडवाट आहे. जुनं पॅरिश-कबरस्थान कायद्याने चर्च ऑफ आयर्लंडच्या, म्हणजे तिथल्या प्रोटेस्टंट राजमान्य चर्चच्या ताब्यात असे, आणि कॅथलिकांनाही तिथेच पुरत. त्यामुळे कॅथलिक पूर्वजाचं दफन प्रोटेस्टंट वहीत सापडू शकतं. त्या चर्चच्या निम्म्याहून जास्त वह्या १९२२ मध्ये गेल्या. वाचलेल्यांपैकी बऱ्याचशा डब्लिनच्या रेप्रेझेंटेटिव्ह चर्च बॉडी लायब्ररीत आहेत आणि कोणत्या पॅरिशचं काय उरलं याची यादी ती लायब्ररी देते. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे दुसऱ्या एका प्रोटेस्टंट पंथाच्या, घराण्यांसाठी बेलफास्टचं सरकारी अभिलेखागार, ‘प्रोनी’. क्वेकर या छोट्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी आपल्या नोंदी इतक्या काटेकोर ठेवल्या आहेत की पूर्वज क्वेकर निघाला तर नशीब समजा.

कबरस्थानात जाण्याआधी

आजचं कॅथलिक चर्च आणि जुनं कबरस्थान सहसा एका जागी नसतं. जुनं कबरस्थान म्हणजे शेतातलं पडकं मध्ययुगीन चर्च आणि त्याभोवती वाकडेतिकडे दगड. घराणी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच पुरत आली, चर्च दुसरीकडे गेलं तरी. काही भागांत बाई सासरच्या नव्हे, माहेरच्या जागेत पुरलेली असते; जोडपं एकत्र सापडत नसेल तर हेही पाहा.

जवळची कबरस्थानं शोधायला आयर्लंडच्या राष्ट्रीय स्मारक विभागाचा ऑनलाइन नकाशा आणि एकोणिसाव्या शतकातले मैलाला सहा इंच मापाचे ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ हे सरकारी मोजणीचे नकाशे वापरा. ‘हिस्टॉरिक ग्रेव्ह्‌ज’ या प्रकल्पात गावकऱ्यांनीच शेकडो कबरस्थानांतल्या दगडांचे फोटो आणि मजकूर चढवले आहेत. तुमचं कबरस्थान त्यात असेल तर विमानाच्या तिकिटाआधी तिथे नजर टाका. जुन्या कबरस्थानांची मालकी आज बहुधा काउंटी कौन्सिलकडे असते, म्हणून दफनाच्या वहीची चौकशीही कौन्सिलकडे करायची. डब्लिनमधल्या ग्लास्नेव्हिनची गोष्ट वेगळी. कॅथलिक पुढारी डॅनियल ओकॉनेलच्या पुढाकाराने १८३२ मध्ये सुरू झालेल्या या कबरस्थानात पंधरा लाखांच्या आसपास माणसं आहेत आणि दफनाच्या नोंदी पहिल्यापासूनच्या. पैसे भरून त्याच कबरीतल्या बाकीच्यांची नावंही मागवता येतात. ती जरूर मागवा, कारण सासू, लहानपणी गेलेलं मूल, बिनलग्नाचा भाऊ असे लोक तिथेच भेटतात.

दगड वाचणं

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. उन्हं तिरपी पडली की झिजलेली अक्षरं उठून दिसतात. भर दुपारी तोच दगड कोरा वाटतो. ढगाळ हवा असेल, आणि तिथे ती असतेच, तर टॉर्च दगडाच्या कडेला जवळजवळ चिकटवून आडवा धरा आणि दुसऱ्याला फोटो काढायला सांगा. खडू, पीठ, शेव्हिंग फोम, तारेचा ब्रश, ब्लीच यातलं काहीही दगडाला लावू नका. वरचं दगडफूल खरवडलं तर त्याबरोबर अक्षरही निघतं. जुनी कबरस्थानं कायद्याने संरक्षित आहेत, त्यामुळे जमिनीत रुतलेली शेवटची ओळ वाचायला उकरणं हा गुन्हा ठरू शकतो.

फोटो तीन तऱ्हेचे काढा: मजकुराचा जवळून, पूर्ण दगडाचा, आणि आजूबाजूच्या दगडांसकट. तिसरा लोक विसरतात. शेजारच्या कबरी बऱ्याचदा भावाच्या किंवा मेव्हण्याच्या असतात, आणि हे नातं घरी कागदपत्रं जुळवताना लक्षात येतं. मागची बाजूही पाहा.

मजकुराची सुरुवात पुष्कळदा मेलेल्यापासून होत नाही, दगड उभारणाऱ्यापासून होते: ‘अमक्याने, अमुक टाउनलँडच्या, आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ उभारला.’ टाउनलँड मिळायची ही हमखास जागा. उभारणारा बोस्टन किंवा न्यूयॉर्कचा असेल तर तेही कोरलेलं असतं. बाईच्या नावापुढे ‘एलियास’ आणि दुसरं आडनाव दिसलं तर ते खोटं नाव नव्हे, माहेरचं. खालच्या ओळींचं अक्षर वळणाने वेगळं असेल तर त्या नंतर जोडल्या आहेत.

दगडावरच्या वयावर मात्र भिस्त ठेवू नका. घरच्यांनाच ते ठाऊक नसे. १९०९ मध्ये सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन सुरू झाली आणि १९०१ ला साठीत असलेले कितीतरी म्हातारे १९११ च्या जनगणनेत एकदम पंच्याहत्तरीत पोचले. पुढे मृत्यूच्या नोंदीत आणि दगडावर तेच वय गेलं.

दगड सापडलाच नाही तर? बहुतेकांच्या बाबतीत असंच होतं. एकोणिसाव्या शतकातल्या गरीब शेतकऱ्याच्या कबरीवर शेतातला एखादा अनघड दगड रोवलेला असे, त्यावर अक्षर नाही. १८४५ ते १८५२ च्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली. कॉर्क काउंटीत स्किबरीनजवळच्या अ‍ॅबीस्ट्रूरीत हजारो जण एकाच सामूहिक जागेत आहेत, नावांशिवाय. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना चर्चच्या जमिनीत जागा नसे; त्यांना ‘किलीन’ नावाच्या वेगळ्या कोपऱ्यात, कधी शेताच्या बांधाला, पुरत. ही प्रथा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. जुन्या नकाशावर मुलांचं दफनस्थान म्हणून दाखवलेली जागा ती हीच. वहीत बाळ नाही आणि दगडही नाही, म्हणून ते जन्मलंच नाही असं धरू नये.

पायात उंच बूट आणि पूर्ण पँट हवी. खाजकुयलीला लाजवील असं नेटल नावाचं झुडूप तिथे कमरेएवढं वाढतं. वाट शेतातून असेल तर शेतकऱ्याला विचारा आणि फाटक जसं होतं तसं लावून घ्या. त्याला तुमचं आडनाव सांगायला विसरू नका. कोणत्या घराण्याची जागा भिंतीच्या कोणत्या अंगाला आहे हे त्याला बहुधा वहीपेक्षा चांगलं ठाऊक असतं.

पॅरिशला लिहिणं आणि जायची वेळ

१८८० नंतरच्या बाप्तिस्म्यासाठी पॅरिशच्या कार्यालयाला ईमेल करावी लागते. उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, आणि तिथे बसणारी बाई आठवड्यातून दोन-तीन सकाळीच येत असते. म्हणून एका ईमेलमध्ये एकाच माणसाची चौकशी करा: नाव, जन्माचं साधारण साल, आईबापांची नावं, टाउनलँड. ‘आमच्या घराण्याची सगळी माहिती पाठवा’ असं लिहिलंत तर उत्तर येणार नाही. नाताळ, ईस्टर आणि मे महिन्यातली लहान मुलांच्या फर्स्ट कम्युनियन या विधीची धांदल टाळा. जिवंत माणसांशी संबंधित अलीकडच्या नोंदी मागू नका, मिळणार नाहीत. माहिती मिळाली तर चर्चला थोडी देणगी पाठवायची रीत आहे.

प्रत्यक्ष जायचं असेल तर उन्हाळ्यात, सेमेटरी संडेच्या सुमारास. वर्षातल्या या ठरलेल्या रविवारी धर्मगुरू कबरस्थानात येऊन कबरींना आशीर्वाद देतो. त्याआधीचा आठवडाभर लोक गवत कापतात, दगड धुतात, फुलं लावतात, आणि डब्लिन-लंडनला गेलेलीही त्या दिवशी आपापल्या कबरीपाशी उभी असतात. तारीख कबरस्थानागणिक वेगळी, ती पॅरिशच्या साप्ताहिक पत्रकात छापून येते. तुमच्या आडनावाच्या दगडापाशी कोण उभं आहे ते पाहा, प्रार्थना संपू द्या, आणि मग जाऊन ओळख सांगा. वंशावळीचा कागद छापून सोबत ठेवा, कारण पुढचा प्रश्न ‘तुम्ही कोणत्या मर्फींपैकी?’ हाच असणार.